गवत काऊन काढू?

दिवाळीत काटोलकडं गावी गेलो होतो, तिथं चुलतभावाचा पोट्टा ओसरीत शिष्यवृत्तीची गाइड उघडून बसला होता आणि बुद्धिमत्ता चाचणीचा प्रश्न मोठ्यानं वाचत होता, वेगळा घटक ओळखा : कुऱ्हाड, विळा, फावडे, गवत. त्याचं उत्तर तयार होतं, गवत, कारण बाकी तीन अवजारं. बाजूला मोठी आई वाती करत बसली होती, तिनं ऐकलं आणि म्हणाली, "गवत काऊन काढू रे बापू? गवतच नसन तं इळा घेऊन काय पूजा कराची काय? काढाचंच असन तं कुऱ्हाड काढ, फावडं काढ. गवताले इळाच लागते." पोट्ट्यानं गाइडच्या मागचं पान उघडून तिच्यासमोर धरलं, हे पाह्य आजी, इथं लिवलं आहे. तर म्हणे, "ज्यानं लिवलं त्यानं कधी गवत कापलं नसन."

सगळे हसले, मीही हसलो. पण परत येताना बसमध्ये तेच डोक्यात घोळत होतं की आपण हसलो कशाला. या बाईनं मोठे बाबा गेल्यावर वीस वर्षं संत्र्याची बाग सांभाळली, मजुरांचा हिशोब, दुधाचा हिशोब, व्यापाऱ्याशी सौदा, सगळं तोंडी. आणि त्या एका पानावर ती नापास. म्हणजे पान चूक की बाई चूक?

हा प्रश्न काही माझा नवीन नाही. अलेक्झांडर लुरिया नावाच्या रशियन मानसशास्त्रज्ञानं १९३१ आणि १९३२ मध्ये उझबेकिस्तानात खेड्यापाड्यांत जाऊन शेतकऱ्यांना जवळपास हेच विचारलं होतं. हातोडी, करवत, कुऱ्हाड, ओंडका, यातलं न बसणारं कोणतं? शाळा न पाहिलेले लोक म्हणायचे सगळं लागतंच, ओंडका काढला तर करवत चालवायची कशावर. त्यातल्या एकाला सांगितलं की दुसऱ्या एकानं ओंडका काढला, तर तो म्हणाला की त्याच्याकडे सरपण भरपूर असेल! (मोठी आई आणि हा माणूस भेटले असते तर दोघांचं चांगलं जमलं असतं.) दुसरा प्रश्न त्याहून प्रसिद्ध आहे. दूर उत्तरेला, जिथं बर्फ असतो, तिथं सगळी अस्वलं पांढरी असतात, नोवाया झेमल्या ही बेटं दूर उत्तरेला आहेत, तर तिथलं अस्वल कोणत्या रंगाचं? उत्तर यायचं की मी काळं अस्वल पाहिलंय, दुसरं पाहिलं नाही, जे पाहिलं नाही ते कसं सांगू, आणि जागा बदलली की जनावरं बदलतात. आता याला अडाणीपणा म्हणायचं का? कोर्टात साक्षीदारानं असंच बोलावं अशी आपली अपेक्षा असते. गंमत म्हणजे त्याच भागातले जे लोक थोडे दिवस वर्गात बसून आले होते ते पुस्तकी उत्तर देऊ लागले होते. माणसं तीच, गावं तीच, डोकी पण तीच, फरक फक्त पाटी-पेन्सिलचा. लुरियाचा दोस्त आणि गुरु व्हायगॉट्स्की, जो १९३४ मध्ये टीबीनं ३७ व्या वर्षीच गेला, त्याचं म्हणणंच हे होतं की विचार करायची साधनं माणूस आपल्या आजूबाजूच्यांकडून उचलतो, भाषा, आकडे, नकाशे, सगळं, आणि मग ती त्याच्या डोक्याचाच भाग होऊन जातात. सोव्हिएत सरकारला मात्र हे काम पटलं नाही, आमच्या शेतकऱ्यांना मागास दाखवता काय म्हणून बोंब झाली आणि ते सगळं पुस्तकरूपात यायला १९७४ उजाडलं.

मला एवढंच म्हणायचं आहे की आपण ज्याला बुद्धिमत्ता चाचणी म्हणतो ती बरीचशी सवयीची चाचणी असते. वस्तू हातातून बाजूला ठेवायची, तिचा उपयोग विसरायचा आणि तिला कप्प्यात टाकायचं, ही शाळेची सवय आहे. चांगली सवय आहे, तिच्याशिवाय विज्ञान होत नाही, ते मला मान्यच आहे. पण ज्याच्या घरात ती तीन पिढ्यांपासून आहे आणि ज्याच्या घरात ती या पोट्ट्यापासून सुरू होते आहे, त्या दोघांना एकाच तासाच्या पेपरवर तोलायचं आणि वर म्हणायचं की हे जन्मजात डोकं मोजलं, ते काही खरं नाही. जेम्स फ्लिन नावाच्या संशोधकानं दाखवलं की विसाव्या शतकात बऱ्याच देशांत आयक्यूचे मार्क दर दहा वर्षांनी साधारण ३ नं वाढत गेले. म्हणजे जन्मजात डोकं एवढ्या लवकर वाढलं? जीन्स तर एवढ्या भराभर बदलत नाहीत. बदलली ती शाळा, नोकऱ्या, घरातलं बोलणं. फ्लिननंही हे समजावताना लुरियाचे तेच शेतकरी पुढे आणले होते.

आता आपल्या गावातलंच बघा. नागपूरच्या बर्डीवर कोणाला पत्ता विचारला तर तो सांगेल, सरळ जा, डावीकडे वळा, मग उजव्या हाताला. मोठ्या आईच्या गावात कोणी असं बोलत नाही. तिथं उगवतीकडची खोली, मावळतीकडचं वावर, आणि चौकटीत उभं राहून "जरा दक्षिणेकडं सरक" असं पाहुण्याला सांगतात. मला लहानपणी हे ऐकून गोंधळायला व्हायचं कारण शहरात घर एकीकडे तोंड करून, सूर्य बिल्डिंगच्या मागं. बनारसचे आर. सी. मिश्रा आणि स्विस मानसशास्त्रज्ञ पियर दासेन यांनी भारतात आणि नेपाळात मुलांवर हेच तपासलं, टेबलावर वस्तू मांडायच्या, मुलाला दुसऱ्या टेबलाकडे फिरवायचं आणि म्हणायचं तशीच मांड. काही मुलं आपल्या डाव्या-उजव्याप्रमाणे मांडतात, काही पूर्व-पश्चिमेप्रमाणे. दोन्ही बरोबर. पण परीक्षेच्या पेपरात आरशातली प्रतिमा आणि फिरवलेली आकृती विचारतात ती डाव्या-उजव्याच्या हिशोबानं. दिशेचं एवढं पक्कं भान असलेल्या पोराला तिथं एकही मार्क नाही.

बाजाराचं तर काय सांगावं. सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात मी एका भाजीच्या दुकानावर आईबरोबर बसलेल्या बारा-तेरा वर्षांच्या पोट्ट्याकडून भेंडी घेतो. साठ रुपये किलोची तीन पाव भेंडी, वीसचा सांभार म्हणजे कोथिंबीर, वरून पावभर मिरची, दोनशेची नोट दिली तर हातात बाकीचे पैसे आधी येतात आणि माझा हिशोब मागून होतो. एकदा सहज विचारलं शाळेत गणित कसं आहे, तर म्हणे काका गणितच तर येत नाही. मला आधी वाटलं मस्करी करून राह्यला. नव्हती मस्करी. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात तीन संशोधकांनी १९८५ मध्ये नेमकं हेच छापलं होतं, रस्त्यावर नारळ वगैरे विकणारी पाच मुलं घेतली, धंद्यावर असताना गिऱ्हाईक बनून हिशोब विचारले तर ९८ टक्के बरोबर, तेच आकडे कागदावर नुसती गणितं म्हणून दिले तर ३७ टक्के. पाचच मुलं आहेत, मान्य. पण २०२५ मध्ये अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या टीमनं नेचर या विज्ञान नियतकालिकात कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारातल्या मुलांवरचं काम छापलं, त्यात दोन्ही शहरांतली मिळून १,४०० च्या वर मुलं होती, आणि चित्र तेच आलं. बाजारात फटाफट, कागदावर अडकली. आणि उलटंही आलं, जे मला जास्त महत्त्वाचं वाटतं : शाळेत जाणारी, कागदावर बऱ्यापैकी गणितं सोडवणारी मुलं बाजाराच्या हिशोबात गडबडली. म्हणजे दोन्हीकडचं ज्ञान आपापल्या कप्प्यात बंद, मधला दरवाजा कोणी बनवलाच नाही. तो बनवायचं काम शाळेचं नाही तर कोणाचं?

आणि दरवाजा बनवायला गेलं की काय होतं तेही आपण पाहिलं आहे. जून २०१९ आठवत असेल, बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस बावीसच्या बरोबरीनं वीस एक, वीस दोन असं वाचायला दिलं आणि महाराष्ट्रभर गदारोळ झाला, विधानसभेतसुद्धा आडनावांवरून कोट्या झाल्या. मी स्वतः तेव्हा मित्राला मेसेज टाकला होता की आता भाषा बुडाली. नंतर शांतपणे विचार केला. पंचवीसमध्ये आपण पाच आधी बोलतो आणि वीस मागून, लिहिताना मात्र दोन आधी आणि पाच मागून. एकोणतीसमध्ये तर नऊ कुठं ऐकूच येत नाही, तीसला एक कमी असं कोडं आहे ते. पस्तीस आणि त्रेपन्न, सदतीस आणि त्र्याहत्तर, हे गोंधळ ज्यांनी पहिली-दुसरीच्या पोरांना शिकवलं त्यांना विचारा. जर्मन भाषेतही पंचवीसला पाच-आणि-वीसच म्हणतात आणि तिकडची मुलंही आकडे लिहिताना उलटापालट करतात, त्यावर अभ्यास झालेले आहेत. चिनी भाषेत दहानंतर सरळ दहा-एक, दहा-दोन, आणि तिकडच्या लहान मुलांना दहाच्या पुढचं मोजणं इंग्रजी बोलणाऱ्या मुलांपेक्षा लवकर जमतं, दहापर्यंत मात्र दोघंही सारखी असतात. म्हणजे फरक मुलात नाही, शब्दात आहे. त्या वेळी गणितज्ञ मंगला नारळीकर आणि त्यांची बालभारतीची गणित समिती एवढंच सांगत होती की जुने शब्द काढत नाही, एक पायरी जोडतो. ऐकून कोणी घेतलं नाही. आपल्याला भाषेचा अभिमान महत्त्वाचा वाटला, आणि अडखळणाऱ्या पोराला आपण ढ म्हणून मोकळे झालो.

इथपर्यंतचं सगळं मी चहाच्या टपरीवर बोललो तर लोक माना डोलावतात. पुढचं बोललो की गप्प होतात.

आमच्या वर्गात, म्हणजे नव्वदच्या दशकात, ऑफिसचा शिपाई एक कागद घेऊन यायचा आणि सर तास थांबवून वाचायचे, स्कॉलरशिपवाले उभे राहा, जातीचा दाखला कोणाकोणाचा बाकी आहे. माझ्या बाजूला बसणारा उभा राहायचा. मी बसलेला असायचो. त्याच्या घरी बाबासाहेबांचा मोठा फोटो होता आणि त्याचे वडील १४ ऑक्टोबर १९५६ ला आपल्या बापाच्या खांद्यावर बसून दीक्षाभूमीच्या त्या गर्दीत होते, हे तो मला अभिमानानं सांगायचा, आणि गणितात तो माझ्यापेक्षा चांगलाच होता. पण यादी वाचून झाल्यावर तो त्या तासाला हात वर करायचा नाही. मला वाटायचं मूड गेला असेल. इतकी वर्षं मूड म्हणूनच सोडून दिलं होतं मी ते.

कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या संशोधकांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या ६४२ मुलांना चक्रव्यूहाचे कागद दिले, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकाला रस्ता काढायचा ते, प्रत्येक सुटलेल्याला पैसे. जात कोणी काढलीच नाही तेव्हा वरच्या आणि खालच्या मानल्या जाणाऱ्या जातींच्या मुलांत फरकच दिसला नाही. मग दुसऱ्या गटात सुरुवातीला फक्त मुलाचं नाव, गाव, वडिलांचं, आजोबांचं नाव आणि जात मोठ्यानं वाचली. बस. दुसरं काही बदललं नाही, कागद तेच, पैसे तेच. दलित मुलांचे सुटलेले कागद पाचव्या हिश्श्याहून जास्तीनं कमी झाले. आणि जातवार वेगवेगळं बसवलं तर वरच्या जातींच्या मुलांचंही काम घसरलं, कदाचित आपण तर आहोतच वरचे, घाम कशाला गाळायचा, असं काही असावं. मी हे वाचलं तेव्हा मला त्या यादीचा कागद आठवला, पिवळट, कार्बन कॉपीचा.

काही लोक म्हणतील की पुराणं झालं, आता ऑनलाइन पोर्टल आहे, कोण यादी वाचतं. वाचतात. शिष्यवृत्तीचे फॉर्म पोर्टलवर गेले तरी कागदपत्रं बाकी असणाऱ्यांची नावं वर्गातच पुकारली जातात, माझ्या मुलीच्या शाळेत पुकारली गेली म्हणून तर हे लिहायला बसलो. आणि कोणाचा वाईट हेतू असतो असंही नाही, मॅडमना काम उरकायचं असतं, तारीख जवळ आलेली असते. पण चक्रव्यूहाच्या त्या प्रयोगात तरी कुठं कोणाचा वाईट हेतू होता? नुसतं वाचलं होतं.

तसंच पैशाचं. तमिळनाडूतल्या ४६४ ऊस शेतकऱ्यांना तोडणीच्या आधी आणि नंतर त्याच प्रकारच्या आकृत्यांच्या चाचण्या दिल्या, २०१३ मध्ये सायन्स या नियतकालिकात आलं, पैसा हातात नसताना तोच माणूस कमी मार्क घेतो आणि पैसा आल्यावर जास्त. आपल्याकडं पोळ्याच्या सुमारास बघा, कापूस अजून बोंडात, उधारी डोक्यावर, तान्ह्या पोळ्याला पोराला लाकडी बैल घ्यायचा तर दहा वेळा विचार, आणि नेमकी त्याच दिवसांत शाळेची पहिली चाचणी. त्या घरातलं पोरगं रात्री अभ्यासाला बसतं तेव्हा बाजूच्या खोलीत काय बोलणं चालू असतं ते त्याला ऐकू येतंच ना.

आता जरा ब्रेक लावतो, कारण या विषयात लोक लवकर वाहवत जातात आणि मीही. २०१४ मध्ये चीनवरचं एक काम गाजलं, भात पिकवणाऱ्या भागातले लोक एकमेकांशी जोडून विचार करतात आणि गहू पिकवणारे स्वतंत्र, कारण भाताला पाणी वाटून घ्यावं लागतं. वाचताना आपल्याला लगेच सुचतं की अरे वा, पूर्वेला भंडारा-गोंदिया धान आणि मामा (मालगुजारी) तलाव, पश्चिमेला यवतमाळ-अमरावती कापूस, मधे नागपूर, लावा सिद्धांत! मला तर माझ्या गोंदियाच्या मेहुण्यावर लावून पण पाहायची इच्छा झाली होती. नाही लावायचा. जिल्ह्यावरून माणसाचं डोकं ठरवणं आणि जातीवरून ठरवणं यात मला फार अंतर दिसत नाही. शिक्क्याच्या भीतीनं मार्क कमी होतात यावरच्या अमेरिकेतल्या काही गाजलेल्या प्रयोगांचे निकालही पुन्हा करून पाहिल्यावर फिके निघाले, उसाच्या अभ्यासावरही आक्षेप घेतले गेले. आणि एकूणच मानसशास्त्राचा पाया बराच एकांगी आहे, २०१० मध्ये हेनरिक, हायने आणि नोरेन्झायान या संशोधकांनी मांडलं की मोठ्या जर्नल्समधल्या अभ्यासांतली ९६ टक्के माणसं जगाच्या १२ टक्के लोकसंख्येच्या देशांतली, आणि त्यातही बरीचशी कॉलेजची पोरं. तेव्हा मी असं म्हणत नाही की संस्कृती सगळं ठरवते. मुलामुलांत फरक असतात, एकाच घरात दोन भाऊ वेगळे निघतात. मी म्हणतो की ज्या गोष्टीत फरक आपणच पाडतो ती आधी थांबवू, मग जे उरेल त्याला जन्मजात म्हणू.

आणि थांबवणं फार अवघड पण नाही. पहिली-दुसरीत पोट्टा बटाट्याला आलू म्हणाला तर आलू, शेंगदाण्याला फल्ली म्हणाला तर फल्ली, पेपरात शब्द समजला नाही म्हणून गणित चूक धरू नका. वेगळा घटक विचारा, पण का वेगळा तेही लिहायला दोन ओळी ठेवा, म्हणजे मोठ्या आईचं उत्तरही मार्क मिळवेल, तिचं कारण गाइडच्या कारणापेक्षा कच्चं नव्हतं. बाजारात बसणाऱ्या पोराला विचारा तू कसं केलं, आणि ते फळ्यावर मांडून दाखवा. आणि ती यादी वर्गात वाचू नका.

हे शेवटचं मी मागच्या पालक सभेत बोललो. मॅडम चांगल्या आहेत, लगेच म्हणाल्या, बरोबर आहे सर, पुढच्या वेळी वर्गात नाही वाचणार, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकते. म्हटलं मॅडम ग्रुपवर तर सगळे पालक आहेत, ज्याच्या त्याच्या नंबरवर पाठवा. तर म्हणाल्या छत्तीस नंबर आहेत, पोर्टलचं काम वेगळं, पेपर तपासायचे वेगळे, एकेकाला मेसेज कोण करणार. मी म्हटलं द्या मला, मी करतो.

"मग यादी तुमच्याजवळ येईल ना सर," त्या म्हणाल्या. बाजूच्या खुर्चीवर बसलेल्या एका पालकानं माझ्याकडं पाहिलं, आणि मला काही बोलता आलं नाही.